श्रीमंत बापूसाहेब महाराज : रणांगण आणि राज्य

आपल्या समाजात होऊन गेलेल्या थोर पुरुषांचे स्मरण करावे, त्यांच्या चरित्रातून काही बोध घ्यावा, हा स्मरणिकेचा जुना प्रघात आहे. त्यास अनुसरून यंदा आम्ही सावंतवाडीचे अधिपती श्रीमंत पंचम खेमराज उर्फ बापूसाहेब महाराज यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. प्रजावत्सल राजा म्हणून त्यांची कीर्ती मालवण-वेंगुर्ल्यापासून आंबोलीपर्यंत घरोघरी ठाऊक आहे. परंतु ऐन तारुण्यात त्यांनी ब्रिटिशांच्या लष्करात राहून परमुलखात युद्ध पाहिले, या गोष्टीचा विचार फारसा होत नाही. तो येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

महाराजांचा जन्म २० ऑगस्ट १८९७ रोजी सावंत-भोसल्यांच्या राजकुळात झाला. ज्या लष्कराचा गणवेश त्यांनी पुढे अंगावर चढविला, त्याच लष्कराशी या मुलखाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. १७६५ मध्ये शिवछत्रपतींनी बांधलेला मालवणचा सिंधुदुर्ग काही काळ इंग्रजांच्या हाती गेला. १८१२ मध्ये मालवण आणि वेंगुर्ले त्यांना कायमचे मिळाले. १८१९ मध्ये त्यांच्या फौजेने निवती व रेडीचा यशवंतगड घेतला, आणि १८३८ मध्ये तर संस्थानाचा कारभारच इंग्रजांनी हाती घेतला. १८४४ साली सावंतवाडीत मोठा उठाव झाला. फोंड सावंत तांबुळकर त्याचे पुढारी होते, आणि याच राजकुळातील युवराज अण्णासाहेब त्यास जाऊन मिळाले. तो मोडण्यासाठी आऊट्रमसारखा नामांकित सेनानी आला. १८४५ मध्ये मनोहर-मनसंतोष हे जोडकिल्ले पडले आणि उठावाचे पुढारी गोव्याच्या हद्दीत निघून गेले.

पुढे काळाची गती अशी फिरली की, ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी या फौजेवर बंदुका रोखल्या, त्यांचीच मुले-नातवंडे तिच्यात भरती होऊ लागली. डोंगरउताराची जमीन, पावसावरचे एकच भातपीक आणि वाढते कुटुंब. वर्षाचे धान्य पुरे होईना. मग कोणी मुंबईची गिरणी धरली, कोणी पलटण. १७६८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या मराठा पलटणींना कोकणाने शिपाई पुरविले. इंग्रजांवरील प्रेमाने हे लोक गेले, असे आम्हास वाटत नाही. घरी येणाऱ्या मनिऑर्डरीसाठी ते गेले. आणि एकदा गेल्यावर मात्र पूर्वजांच्या नावास बट्टा लागू नये म्हणून लढले.

पहिल्या महायुद्धात या शौर्याची कसोटी लागली. हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. त्यांतील सर्वांत मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात उतरला. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून तेथे गेल्या. टायग्रिस नदीच्या काठी कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून ही फौज तुर्कांच्या वेढ्यात सापडली. धान्य संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांनी शरणागती पत्करली. कैदेतील कूच, उपासमार आणि रोगराई यांत कित्येक मेले. पावसाळ्यात ज्यांच्या अंगणात गुडघाभर पाणी, ते कोकणचे शिपाई त्या रेताड मुलखात पाण्याच्या घोटासाठी तळमळले.

बापूसाहेब महाराज १९१३ मध्ये वडील श्रीराम सावंत यांच्या निधनानंतर गादीवर आले, तेव्हा ते अल्पवयीन होते. कारभार इंग्रज अधिकाऱ्यांकडे होता आणि महाराजांचे शिक्षण इंग्लंडात झाले. वाड्याच्या सुखात राहणे त्यांना सहज शक्य होते. तरी ते मराठा पलटणीचे अधिकारी म्हणून मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेले. सैन्यात राजेरजवाडे मानाची पदवी बहुधा घरबसल्या मिळवीत; महाराज मात्र आपल्या मुलखातील माणसे जेथे खपत होती तेथे प्रत्यक्ष गेले. हा भेद वाचकांनी ध्यानी घ्यावा.

२९ ऑक्टोबर १९२४ रोजी त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. संस्थान लहान, सुमारे ९२५ चौरस मैलांचे, उत्पन्नही बेताचेच. पण रयतेतील कोणाही माणसास महाराजांपर्यंत जाता येई, आणि त्यांची राहणी साधी होती, अशी आठवण सावंतवाडीत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १९२७ मध्ये महात्मा गांधी प्रकृतिस्वास्थ्यासाठी आंबोलीस राहिले होते. त्यांनी या कारभारास रामराज्य म्हणून गौरविले, ही गोष्ट आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे. ज्या राजाने ब्रिटिशांचा गणवेश घातला, त्याचा गौरव ब्रिटिश सत्तेच्या सर्वांत मोठ्या विरोधकाच्या नावाशी जोडला गेला, हे त्यांच्या चरित्राचे वैशिष्ट्यच होय. ४ जुलै १९३७ रोजी, वयाची ४० वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, महाराज कैलासवासी झाले. राजपुत्र शिवरामराजे त्या वेळी ९ वर्षांचे होते; राणी पार्वतीदेवींनी रीजंट म्हणून राज्य सांभाळले.

महाराजांचे नाव मागे राहिले आहे. सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय ते रोज उच्चारते. पण त्याच आघाडीवर गेलेल्या साध्या शिपायांचे काय? बसऱ्याच्या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. युद्धकबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने या भेदभावाबद्दल २०२१ मध्ये क्षमा मागितली. १०० वर्षांनी आलेल्या त्या क्षमेने एका तरी माउलीचे अश्रू पुसले जाणार होते काय?

परक्यांच्या युद्धात आपली माणसे खपली, याचा आम्ही पोकळ अभिमान मिरवू इच्छीत नाही; आणि पोटासाठी गेलेल्यांना दोष देण्याचा अधिकारही आम्हास नाही. आमची विनंती एवढीच आहे. ज्ञातिबांधवांनो, आपल्या माळ्यावरची जुनी पेटी एकदा उघडून पाहा. त्यात एखादा बिल्ला, पेन्शनचा कागद वा पलटणीचा क्रमांक सापडल्यास तो माणूस कोण, कोणत्या वाडीचा, कोठे पडला, हे घरातील वृद्धांना विचारून लिहून ठेवा. परक्यांनी ज्यांची नुसती संख्या ठेवली, त्यांची नावे आपण ठेवावी. आपल्या शिपायांमध्ये जाऊन राहिलेल्या राजाचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येईल, असे आम्हास वाटत नाही.