वासुदेव बळवंत आणि हत्यारांचा कायदा

२ फेब्रुवारी २०२४ ची रात्र आपल्या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, चक्क वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये गोळीबार झाला. एक राजकीय पदाधिकारी जबर जखमी झाले आणि विद्यमान आमदारांना अटक झाली. सीसीटीव्हीचं फुटेज दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर होतं. अशी काही घटना घडली की होस्टेलच्या मेसमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, सगळ्यांच्याच बंदुका काढून घ्या. दुसरी म्हणते, गुंडांकडे आहेत ना, मग साध्या माणसालाही द्या. आणि या दुसऱ्या पार्टीतला एखादा हुशार गडी हमखास सांगतो, की आपल्या हातातली हत्यारं इंग्रजांनी १८७८ साली कायदा करून काढून घेतली, तोच कायदा अजून मानगुटीवर बसलाय.

हा १८७८ चा कायदा आला तेव्हा पुण्यात एक कारकून लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत होता. चारच महिन्यांत तो नोकरी-घर सोडून डोंगरात गेला आणि बंडाचा झेंडा उभारला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके! शाळेत आपण त्यांच्यावर पाच मार्कांची टीप लिहिली आहे. पण हत्यारांच्या वादात त्यांचं आयुष्य दोन्ही पार्ट्यांना अडचणीत आणणारं आहे, म्हणून ते पुन्हा एकदा वाचायला हवं.

वासुदेव बळवंत तसे आपल्याच भागातले. आपल्याला रोज दिसतो त्या मलंगगडाच्या पलीकडे पनवेल तालुका लागतो. त्या तालुक्यात, कर्नाळा किल्ल्याच्या जवळ शिरढोण गाव आहे. ४ नोव्हेंबर १८४५ ला त्यांचा जन्म तिथे झाला. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ला इंग्रजांकडे गेला आणि किल्लेदारांचं घर साधं शेतकऱ्याचं घर झालं. त्या लढाईच्या गोष्टी ऐकतच नातू वाढला. शिक्षणाचा काही काळ त्यांनी कल्याणात काढला, पुढे मुंबई-पुण्यात इंग्रजी शिकले. ते अकरा वर्षांचे होण्याआधी, १८५६ मध्ये, अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीकडे जाणारी रेल्वे सुरू झाली होती. त्याच जी.आय.पी. रेल्वेत त्यांनी सुरुवातीची कारकुनी केली. नंतर पुण्यात लष्करी खात्यात चिकटले. पगार नियमित, नोकरी सरकारी. आजच्या भाषेत सांगायचं तर मुलगा सेटल झाला होता.

मग एक गोष्ट घडली. गावाकडे आई आजारी पडली. त्यांनी रजा मागितली, साहेबाने वेळेत दिली नाही. ते घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी तिच्या श्राद्धासाठी पुन्हा रजा मागितली, तीही मिळाली नाही. हा घाव त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. पण लगेच तलवार उपसून ते बाहेर पडले असं मात्र नाही. आधी त्यांनी सनदशीर मार्गाने जे जमेल ते सगळं केलं. न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्यानं ऐकली, स्वदेशीचं व्रत घेतलं, गावोगाव जाऊन भाषणं दिली. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पुण्यात शाळा काढली. तीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपाला आली. दुसऱ्या पत्नी गोपिकाबाईंना त्यांनी लिहा-वाचायला शिकवलं आणि घोड्यावर बसायलाही शिकवलं. त्या काळात बायकोला पुस्तक देणं हेच मोठं धाडस होतं, घोडा तर दूरच राहिला.

गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. तिथे वासुदेव बळवंत दांडपट्टा, तलवार, नेमबाजी शिकले. जातीची भिंत मध्ये न आणता एक ब्राह्मण कारकून मातंग वस्तादांच्या पायाशी बसून विद्या घेत होता.

१८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याआधीच शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं होतं. त्यावर दुष्काळ कोसळला. सगळ्या ब्रिटिश मुलखात मिळून पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. दुष्काळी कामावर मजुरी कमीत कमी कशी देता येईल याचा हिशेब घालणारे सर रिचर्ड टेंपल हेच १८७७ पासून मुंबईचे गव्हर्नर होते. वासुदेव बळवंतांनी दुष्काळी गावांतून हिंडून ही दैना डोळ्यांनी पाहिली.

आणि अशा वेळी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७८ मध्ये दोन कायदे आणले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्याने हात बांधले. हा दुसरा म्हणजे हत्यारांचा कायदा. परवान्याशिवाय बंदूक तर नाहीच, तलवारसुद्धा बाळगायची नाही. बाळगली तर तुरुंग. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना मात्र त्यातून सूट होती. म्हणजे एकाच रस्त्यावर गोरा साहेब खांद्यावर बंदूक टाकून शिकारीला जाणार आणि रात्री शेत राखणारा शेतकरी रानडुकरासाठी जुनी ठासणीची बंदूक ठेवली म्हणून गुन्हेगार ठरणार. लोकांना सर्वात जास्त बोचला तो हा भेदभाव. सुरुवातीच्या काळातल्या काँग्रेस अधिवेशनांतसुद्धा या कायद्यात बदल करा असे ठराव झाले होते.

आता पहिल्या पार्टीला विचारायचा प्रश्न येतो. कायद्याने हत्यारं काढून घेतली, मग हिंसा थांबली का? कायदा १ ऑक्टोबर १८७८ ला लागू झाला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर वासुदेव बळवंतांच्या टोळीने पहिला दरोडा घातला. बरोबर रामोशी, कोळी, धनगर असे लोक होते. रामोशी हे पिढ्यान्‌पिढ्या गावाची आणि किल्ल्यांची राखण करणारे. इंग्रजी राज्यात त्यांचं ते काम आणि वतन बऱ्याच ठिकाणी गेलं होतं. राखणदारच उपाशी राहिला आणि बंडात सामील झाला. टोळीकडे बंदुका थोड्याच होत्या, भर होता तलवारी, भाले आणि गोफणींवर. म्हणजे कायद्यामुळे बंदुका कमी राहिल्या हे खरं, पण दरोडे थांबले नाहीत, कारण ज्यातून दरोडे उगवत होते ती भूक आणि ते कर्ज जागच्या जागी होतं.

आणि दुसऱ्या पार्टीनेही पुढचं ऐकावं. वासुदेव बळवंतांचा बेत असा होता, की सावकार आणि सरकारी खजिन्यातून पैसा उभा करायचा, त्यातून फौज जमवायची आणि स्वराज्य आणायचं. हत्यार मिळालं की माणसं आपोआप एका ध्येयाने लढतील असं त्यांना वाटलं असावं. पण दोन-तीन महिन्यांतच त्यांच्या लक्षात आलं, की बरोबरच्या अनेकांची नजर लुटीवर आहे. मिळालेल्या पैशाच्या वाटणीवरून कुरबुरी होऊ लागल्या. लुटली जाणारी माणसं तर आपल्याच देशातली होती. हे सगळं त्यांना इतकं लागलं, की ते सगळं सोडून श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे त्यांनी आपलं आत्मवृत्त लिहिलं आणि त्यात स्वतःच्या अपयशाची कबुली दिली. देहत्याग करण्यापर्यंत त्यांचं मन गेलं होतं. बंडखोर नेत्याने स्वतःच्या हाताने असा कच्चा हिशेब मांडून ठेवणं ही साधी गोष्ट नाही. मला त्यांच्या शौर्यापेक्षाही हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

श्रीशैलहून ते परत आले आणि नव्याने कामाला लागले. मे १८७९ मध्ये त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून पनवेलजवळच्या पळस्पे भागात मोठे दरोडे घातले. घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं आणि चकमकीत दौलतराव मारले गेले. वासुदेव बळवंतांचा उजवा हातच गेला. त्याच सुमारास त्यांनी सरकारला जाहीरनामा धाडला होता. त्यात रयतेला काम द्या, करांचा बोजा आणि गोऱ्या अंमलदारांचे भरमसाट पगार कमी करा अशा मागण्या होत्या. सरकारने त्यांना पकडून देण्यासाठी बक्षीस लावलं, तर त्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर बक्षीस लावलं! या बंडाची दखल लंडनच्या वर्तमानपत्रांपर्यंत गेली. एका कारकुनाने साम्राज्याची झोप उडवली होती.

पुढे निजामाच्या मुलखात रोहिल्यांची फौज उभी करायचा प्रयत्न सुरू असताना ते तापाने फणफणले. जुलै १८७९ मध्ये देवरनावदगी (आता कर्नाटकातल्या विजापूर भागात) इथे एका देवळात झोपलेले असताना मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडलं. पुण्यात संगम पुलाजवळ त्यांना ठेवलं आणि खटला चालवला. त्यांच्या बाजूने सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, उभे राहिले. सरकारच्या हातात सर्वात भक्कम पुरावा होता तो त्यांच्याच आत्मवृत्ताचा आणि रोजनिशीचा. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेपेची शिक्षा झाली आणि १८८० च्या सुरुवातीला त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली.

तिथेही गडी गप्प बसला नाही. आपल्या मेकॅनिकलच्या मित्रांना आवडेल अशी गोष्ट: त्यांनी कोठडीचा दरवाजा बिजागऱ्यांसकट उखडला आणि पळाले. पण चारी बाजूंनी वाळवंट आणि समुद्र, परका मुलूख, परकी भाषा. काही तासांतच पकडले गेले. त्यानंतरचे हाल अजून वाढले. आजाराने आणि उपोषणाने खंगून १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३७. घरचं कुणी जवळ नव्हतं.

त्यांच्या बंडानंतर दख्खन कसं शांत झालं हेही बघायला हवं. डॅनियलच्या बंदुका हे एक कारण होतंच. पण १८७९ मध्येच दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी कर्जापासून संरक्षण देणारा कायदा झाला. १८७८ मध्ये दुष्काळ आयोग बसला होता, त्यातून पुढे दुष्काळात मदत कशी द्यायची याचे नियम तयार झाले. जे आधी करायला हवं होतं ते सरकारने नंतर केलं.

आता आपल्या मेसमधल्या वादाकडे येऊ. पहिली गोष्ट, १८७८ चा कायदा आता नाही. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा कायदा केला आणि तो १९६२ पासून लागू आहे. त्यात गोरा-काळा भेद नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या माणसाला बंदूक हवी असेल तर ठाणे पोलीस आयुक्तांकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, कारण सांगावं लागतं, पोलीस चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं पोलिसांकडे जमा करून घेतली जातात. त्यामुळे इंग्रजांचा कायदा म्हणून आजच्या कायद्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. शिवाय आपल्या देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून बिनपरवाना हत्यारांनी, म्हणजे गावठी कट्ट्यांनी होतात. सगळ्यांना परवाने वाटले तर कट्टे कमी होणार नाहीत, घराघरात अजून एक ट्रिगर मात्र वाढेल.

पण नुसता कायदा कडक करून हात झटकणाऱ्यांनाही वासुदेव बळवंत गप्प बसू देत नाहीत. साध्या माणसाने बंदूक मागू नये असं वाटत असेल, तर त्याची तक्रार पोलीस ठाण्यात ऐकली गेली पाहिजे, जमिनीचा वाद कोर्टात वेळेत सुटला पाहिजे आणि बेकार पोराच्या हातात कट्टा येण्याआधी काम आलं पाहिजे. आणि परवाना देताना मोठा माणूस, छोटा माणूस असा फरक होता कामा नये. साहेबाला सूट आणि रयतेला तुरुंग, हा प्रकार लिटनच्या काळात लोकांनी पचवला नाही. आजही पचवणार नाहीत.

वासुदेव बळवंतांना दरोडेखोर म्हणणारं सरकार गेलं. १९८४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकाला त्यांचं नाव आहे. शिरढोणला त्यांचं स्मारक आहे. सबमिशन संपल्यावर एखाद्या रविवारी कर्नाळ्याचा ट्रेक ठरवाल तेव्हा परत येताना शिरढोणला पाच मिनिटं जरूर थांबा. रजा न मिळाल्यामुळे आईला शेवटचं भेटू न शकलेला एक मुलगा त्या गावचा होता. त्याची तक्रार वेळेवर कुणी ऐकली असती तर पुढे काय झालं असतं, हा विचार मनात घेऊन या. मेसमध्ये तो वाद पुढच्या वेळी निघेल तेव्हा नक्की उपयोगी पडेल.