कॅलिप्सोची मेंढपाळीण

परवाच्या रविवारी माझी भाची पुण्याहून आली ती लॅपटॉप उघडूनच बसली. चहा गार झाला तरी मान वर नाही. विचारलं तेव्हा कळलं, बाईसाहेब अकरा जणांचा ग्रुप घेऊन मालदीवला निघाल्यात. तेही हॉटेलात नाही, बोटीवर! सात दिवस बोटीवरच जेवायचं, तिथंच झोपायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून समुद्रात उतरायचं. अशा बोटीला लिव्हअबोर्ड म्हणतात, हे मला त्या दिवशी समजलं.

तिची यादी वाचली आणि आपल्याकडच्या लग्नाच्या याद्या आठवल्या. कोणाकडे डायव्हिंगचं कुठलं सर्टिफिकेट, कोण शेवटचं कधी पाण्यात उतरलं, कोणाला दमा आहे, कोणाला बोट लागते, कोण अंडंही खात नाही, कोणाच्या पायाचं माप काय, पाण्यात तरंगून वर येऊ नये म्हणून कोणाच्या कमरेला किती किलो शिसं. विमा सगळ्यांनी काढलाय का? बोटीवर ऑक्सिजन आहे का? काही बरंवाईट झालंच तर उपचाराची सोय जवळात जवळ कुठे? आणि परतीचं विमान! शेवटच्या डायव्हनंतर निदान १८ तास तरी विमानात बसायचं नाही म्हणे. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन अंगात मुरतो. माणूस एकदम वर आला की सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे अंगात होतात. विमानातही हवेचा दाब कमी असतो, म्हणून तिथंही हाच धोका. तेव्हा शेवटच्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, हे अकरा जणांना पटवता पटवता पोरीच्या नाकीनऊ आले होते.

शेवटी वैतागून म्हणाली, मावशी, सगळे माशांबरोबर फोटो काढणार, पण माझी ही यादी कोण बघणार?

मला एकदम सिमोन आठवली.

मैत्रिणींनो, जॅक कुस्तो हे नाव तुमच्यापैकी काही जणींनी ऐकलं असेल. लाल लोकरी टोपी घातलेला, उंच, सडपातळ फ्रेंच माणूस. समुद्राच्या पोटातलं जग ज्यानं घराघरातल्या पडद्यावर आणलं, तो. त्याची कॅलिप्सो बोटही तेवढीच प्रसिद्ध. पण त्या बोटीवर सगळ्यात जास्त काळ जी राहिली, ती त्याची बायको सिमोन. तिला त्या फिल्म्समध्ये शोधायला गेलात तर जवळजवळ सापडतच नाही. मलाही तिचा पत्ता फार उशिरा लागला, आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही.

सिमोन मेल्कियॉरचा जन्म १९१९ सालचा, फ्रान्सच्या तुलाँ या नौदलाच्या बंदरात. घराण्यात अॅडमिरल होऊन गेलेले, वडीलही नौदलातलेच. पुढे ते एअर लिक्विड या औद्योगिक वायू बनवणाऱ्या कंपनीत गेले आणि त्यामुळे सिमोनच्या बालपणाची काही वर्षं जपानमधल्या कोबे या बंदरात गेली. समुद्र असा जन्मापासून शेजारी. पण त्या काळी मुलीला नौदलाच्या जहाजावर कोण घेणार? समुद्रावर जायचं तर नौदलातला नवरा करणं, एवढीच वाट. १२ जुलै १९३७ रोजी, अठराव्या वर्षी, तिनं जॅक कुस्तो या तरुण नौदल अधिकाऱ्याशी लग्न केलं. १९३८ मध्ये जाँ-मिशेल आणि १९४० मध्ये फिलिप, अशी दोन मुलं झाली.

आता गंमत बघा. आज माझी भाची जे यंत्र तोंडाला लावून पाण्याखाली श्वास घेते, त्याच्या जन्माची गाठ सिमोनच्या माहेराशी आहे. जॅकला असं काहीतरी हवं होतं की पाण्याखाली माणसाला लागेल तेव्हा, लागेल तेवढीच आणि भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा मिळावी. सासऱ्यांनी त्याची गाठ आपल्याच कंपनीतल्या एमिल गान्यां या इंजिनिअरशी घालून दिली. महायुद्धाचे दिवस, पेट्रोल नाही. गान्यांनं गॅसवर मोटारी चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. तिच्यातच फेरफार करून १९४३ मध्ये पहिलं अॅक्वालंग तयार झालं. त्या उन्हाळ्यात जॅक ते पाठीवर बांधून भूमध्य समुद्रात उतरला, तेव्हा वर पाण्यावर तोंड खाली करून तरंगत त्याच्यावर नजर ठेवणारी सिमोनच होती. खाली काही बिनसलं असतं तर सगळ्यात आधी तिला दिसलं असतं. नंतर ती स्वतःही ते यंत्र बांधून उतरली. या यंत्रानं डायव्हिंग करणाऱ्या अगदी पहिल्या बायकांमध्ये तिची गणना होते.

मग आली कॅलिप्सो. मुळात ती सुरुंग काढणारी लाकडी युद्धनौका, १९४२ मध्ये अमेरिकेत सिअॅटलला ब्रिटिश नौदलासाठी बांधलेली. युद्ध संपल्यावर ती माल्टा आणि गोझो या बेटांदरम्यान माणसं, गाड्या ने-आण करत होती. १९५० मध्ये लोएल गिनेस या धनिकानं ती विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक एवढ्या नाममात्र भाड्यानं जॅकला दिली. बोट फुकटात मिळाली म्हणायची, पण तिला डायव्हिंगसाठी सजवायचं कशानं? तळाला समुद्रात उघडणारी विहीर पाडायची, पुढच्या टोकाला पाण्याखालून बघायला खिडक्यांची खोली बसवायची, यंत्रं घ्यायची, डिझेल भरायचं. पैसा कुठाय? सिमोननं माहेरचे दागिने विकले.

हे वाचलं तेव्हा मी जरा थांबलेच. आपल्याकडे दागिना मोडायची वेळ येते ती मुलीच्या लग्नाला, शेतीला, नाहीतर आजारपणाला. हिनं तो बोटीसाठी मोडला. नवऱ्याच्या हट्टासाठी की स्वतःच्या? मला वाटतं, दोघांच्याही. कारण नोव्हेंबर १९५१ मध्ये कॅलिप्सो तुलाँहून पहिल्या मोठ्या मोहिमेला तांबड्या समुद्राकडे निघाली, तेव्हा सगळ्या पुरुषांमध्ये ही एकटी बाई बोटीवर होती. मुलं मात्र वसतिगृहाच्या शाळेत.

इथं कोणीही नाक मुरडेल. आई असून मुलं वसतिगृहात? मलाही ते टोचतं. जॅकनंही मुलं मागे ठेवलीच होती की, पण बापाला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मुलांपासून दूर राहिल्याची किंमत तिनंही मोजली असणार आणि मुलांनीही. ते झाकायचं कारण नाही.

आता बोटीवरचा संसार डोळ्यांपुढे आणा. लांबी जेमतेम ४२ मीटर. त्यात पंचवीस-तीस माणसं, महिनोन् महिने. आज माझ्या भाचीला एक फोन केला की बोटवाले सगळं देतात. तेव्हा मागे बंदर, पुढे वाळवंट आणि मध्ये समुद्र. गोडं पाणी मोजून वापरायचं, ताज्या भाज्या आठवड्यात संपायच्या, वाटेत सुटा भाग मिळायचा नाही. सिलिंडर भरणारा कॉम्प्रेसर बंद पडला की मोहीमच बंद. त्यात वीस-पंचवीस तरुण डोकी, एकमेकांची तोंडं बघून कंटाळलेली. कोणाचा कान दुखतोय, कोणाला घरची आठवण येतेय, कोणाचं कोणाशी वाजलंय. या सगळ्यांची आई, नर्स आणि मनातलं बोलायची जागा म्हणजे सिमोन. खलाशी तिला ला बेर्जेर म्हणायचे. म्हणजे मेंढपाळीण. कळपातलं कुठलं मेंढरू लंगडतंय, कुठलं मागे राहिलंय, हे जिला न सांगता कळतं ती.

१९५४-५५ मध्ये कॅलिप्सोवर द सायलेंट वर्ल्ड हा चित्रपट घडला. १९५६ मध्ये त्याला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी ऑस्करही. जग बोटीवरच्या पुरुषांना नावानिशी ओळखायला लागलं. सिमोनला कॅमेऱ्यासमोर यायची आवडच नव्हती, असं म्हणतात. असेलही. पण तिला पुढे ओढून आणायची गरजही फारशी कोणाला वाटली नसावी, असं मला आपलं वाटतं.

एकदा मात्र ती खरोखर सगळ्यांच्या पुढे गेली. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्याजवळ, शाब रुमी या प्रवाळावर, कुस्तोच्या लोकांनी समुद्राच्या तळाशी चक्क वस्ती केली. १० मीटर खोलीवर स्टारफिश हाऊस नावाचं घर, त्यात पाच जण महिनाभर राहिले. त्याहून खोल एका छोट्या खोलीत दोघं आठवडाभर. त्यांचं जेवण, हवा, वीज, सगळं वरच्या बोटींवरून. घर पाण्याखाली असलं तरी भूक काय पाण्याखाली कमी लागते? सिमोन त्या घरात जाऊन राहिली आणि तिच्या लग्नाचा वाढदिवस, १२ जुलै, तिथंच साजरा झाला. समुद्रतळावरच्या घरात राहिलेली ती पहिली बाई मानली जाते.

त्यानंतरही वर्षामागून वर्षं ती बोटीवरच राहिली. नवरा भाषणांना, सत्कारांना, पैसे उभे करायला जगभर फिरायचा. बोटीवर असायची ती. २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ विमान अपघातात धाकटा फिलिप गेला. वडिलांच्या मोहिमांतला उजवा हात होता तो, वय अवघं अडतीस. त्या दुःखानंतरही तिनं कॅलिप्सो सोडली नाही.

१ डिसेंबर १९९० रोजी मोनॅकोमध्ये कॅन्सरनं सिमोन गेली. तिच्या अस्थी समुद्रातच विसर्जित केल्या. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच जॅकनं दुसरं लग्न केलं. त्या बाईपासून त्याला १९८० आणि १९८२ मध्ये झालेली दोन मुलं होती, हे तेव्हा जगाला कळलं. दागिने विकणाऱ्या सिमोनला हे ठाऊक होतं का, या प्रश्नाशी मी पुष्कळदा अडखळते. आणि जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. ती वर काढली, पण पूर्वीसारखी मोहिमेवर ती पुन्हा कधी गेली नाही. कळपाची राखण करणारी गेल्यावर पाच-सहा वर्षांतच हे व्हावं, हा निव्वळ योगायोग. तरी मनाला चटका लागतोच.

मग तिला काय म्हणायचं? त्याग करणारी पत्नी? मला नाही पटत. त्यागानं कोणी चाळीस वर्षं डुलत्या बोटीवर राहत नाही. समुद्र तिला स्वतःला हवा होता आणि तो तिनं मिळवला. मात्र तिच्या कष्टाची नोंद व्हायला हवी होती, ती झाली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

भाचीला मी हे सगळं सांगितलं. ती गप्प बसून ऐकत होती. मग तिनं लॅपटॉप पुढे ओढला आणि यादीत एक नवा रकाना घातला, कोणाकडे कुठलं काम. किराणा आणि औषधं एकीकडे, विमा आणि कागदपत्रं दुसरीकडे, डायव्हच्या जोड्या आणि वेळा तिसरीकडे. अकराही जणांची नावं भरली. रोज पाण्यात पहिल्या जोडीत उतरायला मात्र तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

मी उठून चहा परत गरम करायला गेले.