संशोधनाची सनद : डॉ. कमल रणदिवे



दहावीचा निकाल लागला की आपल्या इचलकरंजीत दोन प्रकारची घरे दिसतात. एका घरात मुलीच्या पुढील प्रवेशाची धावपळ सुरू होते. दुसऱ्या घरात तिच्या हाती कांड्या भरण्याचे काम येते आणि गुणपत्रिका पेटीत जाते. या दुसऱ्या घराची आठवण ठेवून आज एका थोर महाराष्ट्रीय स्त्री-शास्त्रज्ञाचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहे.

कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. आपली सर्व मुले, त्यातही मुली, शिकल्याच पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. कमलने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. पण तिचा ओढा जीवशास्त्राकडे होता. 1939 साली तिचा विवाह गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी झाला आणि ती मुंबईस आली. पतीच्या साहाय्याने शिक्षण चालूच राहिले. 1943 मध्ये एम. एस्सी. आणि 1949 मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच. डी. म्हणजे लग्नानंतर 10 वर्षांनी! पालकहो, एवढे एक वर्ष आपण ध्यानात ठेवावे.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर अखंड वाढविण्यात 1951 साली प्रथम यश आले ते याच प्रयोगशाळेत. ती विद्या आत्मसात करून कमलताई मायदेशी परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी भारतातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी व विषाणूंशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अभ्यासला. त्यांचे 200 हून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

आता आपण विचाराल, शोधनिबंधाची किंमत ठरते कशावरून? हदीसच्या अभ्यासात सनदेला किती महत्त्व आहे हे आपण जाणताच. कोणी कोणाकडून ऐकले, याची साखळी तपासल्याखेरीज विद्वान पुढे जात नाहीत. विज्ञानातही तशीच रीत आहे. नवा संशोधक ज्यांच्या कामावर उभा राहतो, त्यांचा नामनिर्देश निबंधाच्या शेवटी करतो. अशा उल्लेखांची सूची करावी ही कल्पना 1955 साली युजीन गारफील्ड यांनी मांडली. 2005 मध्ये जॉर्ज हर्श यांनी आणखी एक माप सुचविले : ज्याच्या 10 निबंधांचा प्रत्येकी किमान 10 वेळा उल्लेख झाला, त्याचा अंक 10. कोणी कोणाबरोबर मिळून लिहिले, यावरून सहकार्याचे जाळेही काढता येते.

एक उदाहरण पाहा. 1958 साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळविलेले जंतू प्रयोगशाळेत वाढविले. त्यानंतर सुमारे 20 वर्षांनी त्याच संस्थेत डॉ. मधुकर देव व सहकाऱ्यांनी त्या जंतूंपासून कुष्ठरोगाची लस तयार केली आणि पुढे दक्षिण भारतात तिच्या चाचण्या झाल्या. एकाने घातलेल्या ताण्यात दुसऱ्याने बाणा भरला, तेव्हा कापड झाले.

परंतु सारेच अंकात मावत नाही. 1973 साली कमलताईंनी 11 सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन केला. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत बालकांच्या पोषणाचा अभ्यास करीत राहिल्या. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन सुधारले, ती कोणत्या निबंधाच्या शेवटी नाव लिहिणार? 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 11 एप्रिल 2001 रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिनींनो, ही साखळी समर्थ गुरुजींच्या घरी सुरू झाली. एका बापाने मुलीचे शिक्षण थांबविले नाही तेथे. पालकहो, आपल्या धर्माचा पहिला आदेश वाचण्याचा आहे आणि तो मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. पेटीतील गुणपत्रिका बाहेर काढा. त्या साखळीतील पुढची कडी कदाचित आपल्याच घरात असेल. अल्लाह आपणा सर्वांना इल्मची दौलत देवो, आमीन.