साखरेचं कुलूप उघडणारे एमिल फिशर



'साखर' म्हटलं की परदेशातल्या आपल्या घरांत हल्ली दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे बेसनाचे लाडू, आणि दुसरी म्हणजे डायबेटिसचा रिपोर्ट! त्या रिपोर्टवर ज्या ग्लुकोजचा आकडा असतो, त्याचा रेणू आतून कसा रचलेला आहे हे एका जर्मन माणसाने १८९१ साली शोधून काढलं. ना क्ष-किरण, ना कॉम्प्युटर. हाताशी होतं एक विषारी रसायन आणि तर्क. त्या एमिल फिशर यांची ही ओळख. आम्ही पडलो इंजिनियर, तेव्हा रसायनशास्त्र्यांनी जरा सांभाळून घ्यावं.

एमिलचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ चा, कोलोनजवळच्या ऑइस्किर्खेन गावचा. वडील व्यापारी. मुलाने लाकडाच्या धंद्यात यावं अशी त्यांची इच्छा, आणि मुलाला ओढ भौतिकशास्त्राची. थोडे दिवस त्याला धंद्यात घालून पाहिलं, पण जमलं नाही. शेवटी, हा पोरगा धंद्याच्या कामाचा नाही, इतका मठ्ठ आहे की त्याने आपलं शिकावं हेच बरं, असं वडील म्हणाल्याची गोष्ट सांगतात. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, नाही का? अभ्यास जमला नाही तर दुकानात बसवायचं!

तर हा 'मठ्ठ' मुलगा १८७१ साली बॉनला केकुले यांच्या हाताखाली शिकायला गेला, आणि पुढच्याच वर्षी स्ट्रासबर्गला अडोल्फ फॉन बायर यांच्याकडे. तिथे १८७४ साली डॉक्टरेट मिळाली आणि १८७५ साली एक नवंच संयुग हाती लागलं, फिनाइलहायड्राझिन. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण पुढची सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

त्या काळी साखरेवर काम करणं म्हणजे शिक्षा होती. प्रयोग करावा आणि शेवटी भांड्यात उरावी काकवी! चिकट, तपकिरी, स्फटिक म्हणून धरायचा नाही. जे शुद्ध स्वरूपात वेगळंच काढता येत नाही ते ओळखायचं कसं? फिशर यांनी १८८४ साली साखरेवर फिनाइलहायड्राझिनचा प्रयोग केला, आणि त्या पाकातून सुंदर पिवळे स्फटिक खाली बसले. यांना ओसाझोन म्हणतात. स्फटिकांचा आकार आणि ते किती तापमानाला वितळतात, यावरून कुठली साखर आहे ते ओळखता येऊ लागलं. भारतात मेडिकल किंवा फार्मसी केलेल्या वाचकांना प्रॅक्टिकलमधल्या त्या पिवळ्या सुया आठवत असतील.

यातली एक गंमत फार महत्त्वाची. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तीन वेगवेगळ्या साखरा, पण तिन्हींचा ओसाझोन एकच येतो! ही प्रक्रिया रेणूच्या फक्त पहिल्या दोन कार्बनांना हात लावते. म्हणजे या तिघींमधला फरक त्या दोन कार्बनांपुरताच. खालचा सगळा सांगाडा सारखा. एवढ्या साध्या निरीक्षणातून केवढी माहिती मिळाली पाहा.

आता कोडं असं. ग्लुकोजमध्ये चार कार्बन असे आहेत की त्यांना जोडलेले गट डावीकडे किंवा उजवीकडे असू शकतात. आमच्या भाषेत चार बिट, म्हणजे दोनाचा चौथा घात, सोळा शक्यता. व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ साली हा सिद्धान्त मांडला होता. त्या सोळांतली ग्लुकोज कुठली? फिशर यांनी एका साखरेपासून दुसरी बनवली, टोकांचं ऑक्सिडेशन केलं, तयार झालेलं संयुग प्रकाशाची पातळी फिरवतं की नाही ते पाहिलं, आणि न बसणाऱ्या शक्यता एकेक करून खोडल्या. थेट सुडोकूच! रेणू कागदावर सपाट काढायची त्यांची उभ्या-आडव्या रेघांची पद्धत तर आजही मुलांना शिकवतात.

एका जागी मात्र त्यांना नाणेफेक करावी लागली. रेणू आणि त्याचं आरशातलं प्रतिबिंब, यांतलं खरं कुठलं हे त्या काळी सांगता येणं शक्यच नव्हतं. त्यांनी एक बाजू ठरवून टाकली, आणि अख्ख्या जगाने साठ वर्षं ती पाळली. १९५१ साली नेदरलँड्समध्ये बायफूट यांनी क्ष-किरणांनी तपासलं, तर नाणं बरोबर पडलेलं होतं!

इथवर हे सगळं शुद्ध रसायनशास्त्र. पण फिशर यांनी आपल्या साखरा यीस्टला खायला घातल्या. नैसर्गिक ग्लुकोज यीस्ट आवडीने आंबवतं, तिच्या प्रतिबिंबाला तोंडही लावत नाही. मग त्यांनी ग्लुकोजपासून अशी दोन संयुगं घेतली की त्यांच्यात फक्त एका जोडणीच्या दिशेचा फरक. यीस्टमधलं एन्झाइम एकालाच फोडत होतं, तर बदामातलं एन्झाइम फक्त दुसऱ्याला. १८९४ साली त्यांनी याला कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. आमच्या मते फिशर यांचं सगळ्यात मोठं देणं हेच. रेणूच्या आकाराला जीवसृष्टीत अर्थ असतो, हे त्यातून समजलं. आपला रक्तगट 'ए' की 'बी' हेसुद्धा पेशीवरच्या साखळीच्या टोकाला कुठली साखर आहे यावरच ठरतं.

१८८३ साली बीएएसएफ या कंपनीने आपली संशोधन प्रयोगशाळा चालवायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. (वडिलांनी आता पैशांची काळजी मिटवली होती, हेही लक्षात घ्यायला हवं. आमच्यासारख्या हप्तेवाल्यांना हे परवडतं थोडंच!) एर्लांगेन, व्युर्त्सबर्ग असं करत १८९२ पासून ते बर्लिनला प्राध्यापक झाले. साखर आणि प्युरिन या कामाबद्दल १९०२ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रसायनशास्त्राचं ते दुसरंच नोबेल. चहा-कॉफीतलं कॅफिन या प्युरिनांच्याच घरातलं. पुढे ते प्रोटीनकडे वळले आणि १९०७ साली अठरा अमिनो आम्लांची साखळी जोडून दाखवली.

पण ज्या रसायनाने हे दिलं, त्याने घेतलंही. फिनाइलहायड्राझिन वर्षानुवर्षं हाताळून त्याचं विष त्यांच्या अंगात भिनलं. त्वचेचे आणि पोटाचे विकार कायमचे मागे लागले. १८८८ साली लग्न झालं, आणि सातच वर्षांत पत्नी ॲग्नेस गेल्या. पदरात तीन मुलगे. पुढे पहिलं महायुद्ध आलं. १९१४ साली जर्मनीच्या बाजूने निघालेल्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर फिशर यांचीही सही होती. त्याच युद्धाने त्यांची दोन मुलं नेली: एकाने सक्तीच्या लष्करी प्रशिक्षणाच्या काळात वयाच्या पंचविसाव्या वर्षी आत्महत्या केली, दुसरा युद्धात दगावला. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये फिशर गेले. त्यांना कर्करोग झाला होता.

तिसरा मुलगा हर्मान वडिलांच्याच वाटेने गेला, साखरेचा रसायनशास्त्रज्ञ झाला. जर्मनी सोडून आधी स्वित्झर्लंड, मग कॅनडा, आणि शेवटी कॅलिफोर्नियात बर्कलीला प्राध्यापक. १९६० साली तो वारला. त्याच बर्कलीत १९९७ साली कॅरोलिन बर्टोझी आणि सहकाऱ्यांनी जिवंत पेशींना किंचित बदललेली साखर खायला दिली. पेशींनी ती आपल्या पृष्ठभागावर मांडली, आणि मग तिला बाहेरून खूण लावता आली. बर्टोझींनी पुढे दुसऱ्या रासायनिक जोड्या वापरल्या आणि २०२२ साली त्या नोबेलच्या मानकरी ठरल्या. पण त्या पहिल्या प्रयोगात पेशींना दिलेली साखर मॅनोजच्या कुटुंबातली होती, आणि तिला पकडणारं रसायन होतं हायड्राझाइड, म्हणजे फिशर यांच्या फिनाइलहायड्राझिनचंच भावंड.