लीलावतीकार भास्कराचार्य

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये सिद्ध केला. ‘लीलावती’ हा त्यातील पाटीगणिताचा भाग.

त्याची रीत पाहण्यास चिकपेटेतील कापडाचा व्यवहारही पुरे. ५ मीटरांस २०० रुपये, तर १२ मीटरांस किती? प्रमाण ५, फल २००, इच्छा १२. फलास इच्छेने गुणिले की २४००. त्यास प्रमाणाने भागिले की ४८०. हे त्रैराशिक. नारायणाने विश्व व्यापावे तसे याने बहुतेक सारे गणित व्यापले आहे, अशी आचार्यांची धारणा होती. महावीराचार्यांनी कर्नाटकात तीन शतके आधीच गणित श्लोकबद्ध केले होते. समोरच्या बालिकेस प्रश्न पुसण्याची ढब मात्र ‘लीलावती’ची.

ही बालिका कोण? मोत्याने घटिकापात्राचे छिद्र बुजले व विवाहमुहूर्त टळला, ही कथा फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून पसरली. चाळीसगावनजीक पाटणच्या शिलालेखात पुत्र लक्ष्मीधर व नातू चंगदेव येतात, कन्या येत नाही. अर्थात वंशावळी पुरुषांच्याच लिहिल्या जात. तेवढ्यावरून तिचे अस्तित्व नाकारणे घाईचे ठरेल. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चंगदेवाने मठ स्थापिला, हे त्याच लेखात कोरलेले आहे.