द्राक्षवेलींना नंबर देणारा फ्रान्सचा डॉक्टर : आल्बेर सेबेल

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. फुलोऱ्यात डाऊनी शिरला की हाताशी आलेले घड आठ दिवसांत जातात. आमच्या बागेत दोनदा गेलेत. डाऊनीला दाद न देणारी वेल तयार करायला फ्रान्समधल्या एका डॉक्टरानं आख्खं आयुष्य घातलं, आणि वेल तयार झाल्यावर तिच्या वाईनला कायद्यानं चांगलं नाव लावू दिलं नाही. हा डॉक्टर म्हणजे आल्बेर सेबेल.

सेबेलचा जन्म १८४४ चा. दक्षिण फ्रान्समधल्या आर्देश भागातलं ओबना हे त्याचं गाव. तो विशीत असताना अमेरिकेतून फायलोक्झेरा नावाचा बारीक किडा आला आणि मुळांवर बसून त्यानं बागाच्या बागा वाळवल्या. १८७८ मध्ये डाऊनीही तिकडूनच आला.

अमेरिकेतल्या जंगली वेलींना हे दोन्ही सोसायचं. म्हणून काहींनी अमेरिकन खुंटावर आपल्या वेलीचं कलम केलं. आपण डॉगरिजवर बाग उभी करतो, तीच ही पद्धत. पण यात मुळं वाचतात, वरची वेल जुनीच राहते आणि फवारणी काही सुटत नाही. १८८५ मध्ये मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण पुढं आलं ते त्यामुळंच.

सेबेलनं दुसरी वाट धरली, संकराची. अमेरिकेत मिसुरी राज्यात हर्मान येगर यानं काढलेली ‘येगर ७०’ ही वेल युजेन कोंतासो या बागायतदाराकडं होती. तिच्या संकराचं बी त्यानं सेबेलला दिलं. १८८६ पासून सेबेलनं स्वतःचं काम सुरू केलं, १८९५ मध्ये कलम शिकवायची शाळा काढली. सोळा हजारांवर संकर केले, त्यातले जवळपास पाचशे शेतकऱ्यांच्या बागेत गेले. एवढ्यांना नावं कुठून आणायची? नंबर दिले. सेबेल ५२७९, सेबेल ७०५३, असे.

लहान शेतकऱ्यांना या वेली आवडल्या, कारण फवारा कमी आणि माल भरपूर. नामांकित भागांना मात्र वेगळ्या चवीची अन् जादा मालाची भीती वाटली. आपल्याकडं नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे ना, तिकडं वाईनला तसंच गावाचं नाव मिळतं, फक्त नियम फार कडक. २२ जुलै १९२७ च्या कायद्यानं संकरित वेलींच्या वाईनला असं नाव लावायची बंदी घातली. सेबेल तेव्हा त्र्याऐंशीच्या घरात. चवीबद्दलची तक्रार सगळी खोटी नव्हती, पण सरसकट सगळ्याच वेली बाहेर काढणं मला पटत नाही.

१९३६ मध्ये सेबेल गेला. पुढं अमेरिकेत ७०५३ चं ‘चान्सलर’ आणि ५२७९ चं ‘ऑरोर’ झालं. ७०५३ पासून ‘शाम्बुर्सां’ आणि त्यापासून जर्मनीत ‘रेगेंट’ तयार झाली. १९९६ मध्ये जर्मनीनं रेगेंटला दर्जेदार वाईनच्या यादीत घेतलं.

डिसेंबर २०२१ मध्ये युरोपियन युनियननं नियम बदलला, आता संकरित वेलींच्या वाईनलाही गावाचं नाव मिळू शकतं. शॅम्पेन भागात ‘व्होल्टिस’ ही रोगप्रतिकारक जात प्रयोग म्हणून लावता येते. तिच्या वंशावळीतही सेबेलच्या वेली आहेत. मात्र अट अशी, की ती बागेच्या ५ टक्क्यांपर्यंतच लावायची आणि वाईनमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त मिसळायची नाही.