मालगुंडचा कवी आणि माणसाचे मूळ

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणपतीपुळ्याच्या स्वयंभू गजाननाचा गाभारा सर्वांना मोकळा होतो आणि आसपासच्या गावांतील आबालवृद्ध देवाच्या अंगावर स्वहस्ते दूर्वा वाहतात. घरोघरी मूर्ती न आणता या एकाच देवाकडे जावयाचे, ही या बाजूची जुनी चाल. देवळापासून थोड्याच अंतरावर मालगुंड आहे. त्या गावी १८६६ साली कृष्णाजी केशव दामले जन्मास आले. मराठी वाचक त्यांना केशवसुत म्हणून ओळखतो. उत्सवाच्या दिवसांत आम्ही त्यांचे चरित्र सांगावयास घेतले आहे, त्यास कारण आहे.

मनुष्य मुळात भला की बुरा, हा प्रश्न कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही पुष्कळदा मांडतो. शास्त्रांत त्याला दोन्ही बाजूंची उत्तरे आहेत. उपनिषदे माणसास अमृताचे अपत्य मानतात. गीतेचा सोळावा अध्याय दैवी आणि आसुरी अशा दोन संपत्ती सांगतो. आणि षड्रिपूंची यादी तर पोथी न उघडलेल्यासही पाठ असते. उत्तररंगास वाल्या कोळ्याचे आख्यान ठरलेले. परंतु त्या आख्यानाचा आरंभच वाटमाऱ्यापासून होतो. तो वाटमारी शिकला कोठे, हे कोणी विचारीत नाही. केशवसुतांनी नेमके तेथे बोट ठेविले.

घर शिक्षकाचे, ओढगस्तीचे आणि विद्येचे. धाकटे बंधू मोरो केशव पुढे मराठीचे थोर व्याकरणकार झाले. कृष्णाजींच्या शिक्षणाला मात्र स्थैर्य लाभले नाही. खेड, बडोदे, वर्धा, नागपूर अशी भ्रमंती झाली. नागपुरास नारायण वामन टिळकांचा सहवास घडला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात ते आले तो काळ आगरकरांच्या सुधारणावादाचा. मॅट्रिकची परीक्षा उतरले तेव्हा १८८९ साल उजाडले होते; वय तेवीस. नंतर मुंबईस तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या. स्वभाव एकलकोंडा, मन उदास. त्यांचे एकही छायाचित्र मागे राहिले नाही. ज्याने माणसांविषयी इतके लिहिले, त्याचा चेहरा आपणांस ठाऊक नाही!

अंत्यजाच्या मुलाच्या पहिल्या प्रश्नावर त्यांची एक कविता आहे. वाटेवर मुले खेळत असतात. सावली अंगावर पडेल म्हणून एक उच्चवर्णीय गृहस्थ त्यांस दटावून दूर करतो. एक पोर घरी येऊन आईला विचारते, की माझ्या सावलीने त्यांचे काय बिघडते? आई सांगते, आपण हलके, ते थोर. कवितेतील ही आई दुष्ट नाही, हे ध्यानात घ्यावे. तिला जे शिकविले गेले तेच ती पुढे देत आहे. तो गृहस्थही कदाचित घरी प्रेमळ पिता असेल. येथे पाप कोणा एकाच्या स्वभावात नाही. ते वाणसामानाच्या जुन्या उधारीसारखे एका पिढीच्या नावावरून दुसरीच्या नावावर चढत आले आहे. मूल मात्र अजून त्या खात्यात आलेले नाही, म्हणूनच त्याला प्रश्न पडतो. आमच्या मते वाल्याने कुटुंबास विचारलेल्या प्रश्नाच्या तोडीचा हा प्रश्न आहे.

येवढ्यावरून केशवसुत माणसास निव्वळ देवमाणूस समजत, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. १८९३ साली लिहिलेल्या ‘तुतारी’त जुन्या रूढींवर त्यांनी जो घाव घातला, तो माणसाची क्रूरता पाहिल्यावाचून घालता येत नाही. ‘सतारीचे बोल’ या कवितेत तर ती क्रूरता त्यांनी स्वतःच्याच ठिकाणी दाखविली आहे. रात्रीच्या काळोखात एक खिन्न मनुष्य भटकतो आहे. एका घरातून सतारीचा नाद येतो. त्याला संताप येतो; तो त्या खिडकीकडे पाहून मूठ आवळतो, अपशब्द पुटपुटतो. वादकाने त्याचे काय वाईट केले होते? काहीच नाही. दुःखी मनुष्य निष्कारण दुसऱ्याचे वाईट चिंतितो, हे कवीने झाकले नाही. पुढे तोच नाद ऐकता ऐकता मन निवते, डोळे भरून येतात आणि सारे विश्व प्रेमाने भरल्याचा प्रत्यय त्यास येतो. मूठ त्याचीच आणि अश्रूही त्याचेच. यांतले मूळ कोणते? कवीचा कौल अश्रूंकडे आहे. मूठ आवळावयास दुःखाचे निमित्त लागले. मन निवावयास मात्र कोणी उपदेश केला नाही, नुसता सूर कानी पडला.

शास्त्राच्या अभ्यासकास एक शंका राहतेच. सर्वच मुले निर्मळ जन्मली, तर पहिल्या गृहस्थास पहिला दुरावा कोणी शिकविला? याचे उत्तर केशवसुतांपाशी सापडत नाही. ते कवी होते, भाष्यकार नव्हते. १८९८ च्या ‘नवा शिपाई’त तर ते जातीपंथाची सारी कुंपणे ओलांडून सर्वत्र आपली भावंडेच पाहतात आणि शंकाकारास मागे टाकून पुढे निघून जातात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्यांना शहर सोडावे लागले. खानदेशात भडगाव, फैजपूर येथे मास्तरकी करून १९०४ साली ते धारवाडच्या सरकारी शाळेत गेले. ज्या रोगाने मुंबई सोडविली, त्यानेच हुबळीस गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी ते निवर्तले. वय अवघे एकोणचाळीस. आठच दिवसांनी पत्नीही त्यांच्या मागोमाग गेली. मुली पोरक्या झाल्या. मागे राहिल्या सव्वाशेच्या वर कविता; त्यांचे पुस्तक हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने निघावयास १९१७ साल यावे लागले.

मालगुंडच्या त्यांच्या जन्मघरी कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभारिले असून १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गणपतीपुळ्याच्या दर्शनास आलेले यात्रेकरू आता तेथेही जातात. घर साधे, कौलारू, कोकणातल्या इतर घरांसारखेच आहे.